कलेच्या तासालाही भाषा लागते

गुरुग्राम, नोएडा किंवा चाणक्यपुरीच्या आंतरराष्ट्रीय शाळेत मुलांना घालणारे मराठी आईवडील एका विषयाबाबत अगदी निर्धास्त असतात. गणित-विज्ञान इंग्रजीतून झेपेल का, फ्रेंच घ्यावं की जर्मन, हिंदीचं काय, मराठी सुटणार तर नाही ना, या सगळ्याची काळजी घरात चालू असते. चित्रकला आणि संगीत मात्र ‘त्याला कुठे भाषा लागते’ म्हणून शाळेवर सोपवलं जातं. पुण्या-मुंबईहून बदली होऊन नुकत्याच दिल्लीत आलेल्या घरांत तर हे वाक्य हमखास कानावर येतं. आजच्या आंतरराष्ट्रीय शाळांपुरतं तरी हे खरं नाही. तिथल्या कलेच्या तासाला भाषा लागते, भरपूर लागते. आणि ती कमी पडली की ज्याचा हात चांगला आहे असं मूलही मागे पडतं.

कसं ते बघा. आयबी अभ्यासक्रमाच्या मिडल इयर्स प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ढोबळमानाने सहावी ते दहावीत, कला हा आठ विषयगटांपैकी एक आहे. पहिली तीन वर्षं तरी प्रत्येक गटाला वर्षाला किमान ५० तास द्यावे लागतात, त्यामुळे कलेचा तास गणिताला देऊन टाकण्याची सोय तिथे नाही. हे उत्तमच. पण गुण कशाचे मिळतात? निकष चार आहेत, प्रत्येकी ८ गुणांचे. एक, कलाकृतीचा किंवा कलाप्रवाहाचा शोध घेणं. दोन, आपली कल्पना प्रयोग करत वाढवणं. तीन, प्रत्यक्ष निर्मिती किंवा सादरीकरण. चार, स्वतःच्या कामाचं मूल्यमापन. यातला तिसरा तेवढा निव्वळ हातागळ्याचा. पहिला आणि चौथा सरळसरळ बोलण्या-लिहिण्यावर उभे आहेत, आणि दुसऱ्यातही ‘मला हे का करायचं आहे’ ते मांडावं लागतं. म्हणजे सुरेख चित्र काढून गप्प बसणाऱ्या मुलाच्या रिपोर्ट कार्डात कलेला मध्यम गुण पडतात. आईवडील चक्रावतात, आणि मूल ‘मला ड्रॉइंग येत नाही’ असं मनाशी ठरवून टाकतं. केंब्रिजच्या आयजीसीएसईमध्ये मांडणी वेगळी आहे. आर्ट अँड डिझाइनचे निम्मे गुण वर्षभराच्या कामाला आणि निम्मे नेमून दिलेल्या विषयावरच्या कामाला, ज्याचा शेवट आठ तासांच्या देखरेखीखालच्या परीक्षेत होतो. पण तिथेही कल्पना कुठून आली आणि कशी बदलत गेली हे कच्च्या कामातून दाखवावं लागतं.

यावर उपाय म्हणून इंग्रजीची शिकवणी लावायला धावू नका. मुलाला बघायला आणि बघितलेल्यावर बोलायला आधी घरच्या भाषेत शिकवा. विचार मराठीत तयार झाला की त्याला इंग्रजी शब्द मिळायला फार वेळ लागत नाही. विचारच नसेल तर इंग्रजी शब्दांचं काय करणार?

याचा सराव करायला दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता, पूर्वीचा कर्झन रोड. ३ क्रमांकावर जर्मनीचं मॅक्स म्युलर भवन, १७ क्रमांकावर ब्रिटिश कौन्सिल, २४ वर अमेरिकन सेंटर. भारतीय विद्या भवनही याच रस्त्यावर आणि २०१३ मध्ये उघडलेलं नवं महाराष्ट्र सदनही. जर्मन, इंग्रजी, हिंदी, संस्कृत आणि मराठी एकाच रस्त्यावर नांदतात, आणि प्रत्येकाची कला दाखवण्याची पद्धत निराळी आहे. बहुभाषक शाळा म्हणजे काय हे मुलाला या रस्त्यावरून चालताना आपोआप कळेल.

सुरुवात ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भिंतीपासून करा. इमारत चार्ल्स कोरियांची, १९९२ सालची. पणजीची कला अकादमी आणि मुंबईची कांचनजंगा बांधणारे हेच कोरिया, हे मुलाला आवर्जून सांगा. सुट्टीत गोव्याला गेल्यावर त्याला ओळखीचं काही सापडेल. भिंतीवरचं काम इंग्लिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांचं. पांढरा मकराना संगमरवर आणि काळा कडाप्पा, एवढ्या दोनच दगडांत त्यांनी मोठं झाड पसरलं आहे. फांद्या इमारतीच्या तोंडावर मावत नाहीत, आतल्या पडवीच्या भिंतींवरही शिरतात. हॉजकिन भारतीय लघुचित्रांचे नामांकित संग्राहक होते, पण इथे त्यांनी लघुचित्राचा बारीक हात वापरलेला नाही. केवळ आकारांचे मोठे मोठे तुकडे आहेत.

मुलाला समोर उभं करा आणि पाच मिनिटं काही सांगू नका. ‘हे झाड आहे बरं का’ हेसुद्धा नाही. मग विचारा, काय दिसतं? मुलं अशा वेळी फार नेमकं बोलतात. ‘खोड कुठंय?’ ‘काळं म्हणजे पान की सावली?’ ‘पांढरं आधी केलं की काळं?’ ‘ते आत कशाला गेलंय?’ ही वाक्यं तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या, मुलाच्याच शब्दांत, मराठीत. ती दुरुस्त करू नका. काळी पानं बघायची की त्यांच्यामधून दिसणारी पांढरी जागा बघायची, हा जो प्रश्न मुलाने विचारला, त्यालाच कलाशिक्षक पुढे कधीतरी ‘निगेटिव्ह स्पेस’ म्हणणार आहेत. तेव्हा त्याला नवं नाव तेवढं शिकायचं असेल. गोष्ट त्याच्याकडे आधीच असेल. घरी आल्यावर त्या चार-पाच वाक्यांतली दोन मुलाने स्वतः इंग्रजीत करावीत. दोनच पुरेत. जमलं तर हिंदीतही.

थोड्या मोठ्या मुलाला याच इमारतीचा आराखडाही समजावता येतो. कोरियांनी तिच्या लांबीवर एका रेषेत तीन जागा योजल्या आहेत. अगदी मागे हिंदू परंपरेतला बिंदू, मधल्या चौकात इस्लामी चारबाग आणि पुढे युरोपातल्या बुद्धिवादी युगाची खूण. मागच्या टोकाला स्टीफन कॉक्स या शिल्पकाराने केलेला शिव आहे. तीन परंपरा एका इमारतीत आणताना कोणती पुढे ठेवायची आणि कोणती मध्ये, हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. तुम्ही असता तर कुठली कुठे ठेवली असती? चौदा वर्षांच्या मुलामुलींना या प्रश्नावर तासभर वाद घालता येतो, आणि शोध घेण्याचा तो पहिला निकष याहून वेगळं काही मागत नाही. आत जाण्याचे नियम आणि वेळा आधी पाहून घ्या, मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवा. अमेरिकन सेंटरमध्ये तर ते लागतंच.

तिथून हेली लेनमध्ये वळलात की अग्रसेन की बावली येते. जवळपास ६० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशी ही पायऱ्यांची विहीर, दोन्ही अंगांना कमानींचे कोनाडे. ‘पीके’ सिनेमामुळे मुलांनाही माहीत असते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जा. इथे बोलण्यापेक्षा रेखाटन जास्त. एक चित्र वरच्या पायरीवर बसून, दुसरं जाऊ देतील तितकं खाली उतरून वर बघत. दोन्ही पेन्सिलने आणि खोडरबराशिवाय. वरून काढताना पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि मूल वैतागतं, वैतागू द्या. खालून कमानी लहान होत जाताना दिसल्या की पर्स्पेक्टिव्ह नावाची भानगड पट्टीने रेघा मारून शिकण्याआधी डोळ्यांनी शिकली जाते. प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहायची: ‘काय जमलं नाही.’ चौथ्या निकषाची तयारी एवढ्या एका ओळीत होते. दुपारी महाराष्ट्र सदनात जेवायला जा. मुलं दमलेली असतील, आणि मराठी जेवणावर त्यांना बोलतं करणं सोपं जातं.

पुढच्या सुट्टीला मंडी हाउसकडे. कस्तुरबा गांधी मार्गावरून हे सगळं चालत जाण्याजोगं आहे. त्रिवेणी कला संगम सुंदरी श्रीधराणी यांनी १९५० मध्ये सुरू केलं, इमारत जोसेफ स्टाइन यांची. तिथे एका छताखाली चित्रं, नाच आणि वाद्यं शिकवली जातात. रवींद्र भवनात ललित कला अकादमीची प्रदर्शनं असतात. आणि शेजारी राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी. तिच्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण आंतरराष्ट्रीय शाळेत भाषेचा सगळ्यात मोठा फटका नाटकात बसतो.

शाळेच्या वार्षिक नाटकात मोठ्या भूमिका कुणाला मिळतात ते एकदा लक्ष देऊन पाहा. ज्यांचं इंग्रजी सफाईदार, त्यांना. ज्याला अजून वाक्य जुळवावं लागतं तो झाड होतो, पहारेकरी होतो किंवा पडदा ओढतो. शिक्षक मुद्दाम करतात असं नाही. तालमीचे दिवस थोडे असतात आणि संवाद पाठ व्हायला हवेत. पण घरी मराठीत नकला करून सगळ्यांना हसवणारं मूल शाळेत तीन वर्षं झाड म्हणून उभं राहिलं, तर त्याने स्वतःबद्दल काय समजायचं? अशा मुलासाठी एनएसडी जवळ आहे याचा फायदा घ्या. संस्था १९५९ ची. मुलांबरोबर काम करणारी तिची ‘संस्कार रंग टोली’ १९८९ पासून आहे. उन्हाळ्यात मुलांच्या कार्यशाळा होतात, रविवारचा संडे क्लबही आहे. काम मुख्यतः हिंदीत चालतं, त्यामुळे मराठी मुलाची जीभ तिथे चटकन सुटते. एकदा रंगमंचावर मोकळं झालेलं मूल इंग्रजी नाटकातही मग मागच्या रांगेत राहत नाही. आपल्याकडेही बालनाट्याची जुनी परंपरा आहे. एनएसडी सुरू झाली त्याच १९५९ साली सुधा करमरकरांनी मुंबईत लिटल थिएटर सुरू करून रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं होतं. मराठी मुलांसाठी लिहिलेली नाटकं शाळेच्या नाट्यशिक्षकांना मिळवून द्या, प्रसंगाचा गोषवारा इंग्रजीत करून द्या. चांगला शिक्षक त्यातून दोन भाषांचं नाटक बसवतो.

शाळांमधल्या ‘इंटरनॅशनल वीक’बद्दलही मनापासून सांगायचं आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला तिथे ठरलेलं येतं: नऊवारी, लेझीम, आणि तपकिरी पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने काढलेली वारली माणसं. हौसेने केलेलं असतं, त्यात वाईट काही नाही. पण त्रिकोणाला त्रिकोण जोडला की वारली झाली, एवढंच मुलांच्या हाती लागणार असेल तर आपण आपल्याच कलेचं नुकसान करतो. पालक म्हणून तुम्हाला मदतीला बोलावतात तेव्हा थोडी तयारी करून जा. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाणारा चौक, त्यात बसलेली पालघाट देवी, आणि तो काढणाऱ्या बायका, इथून सुरुवात करा. मग १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रं कागदावर आणि कापडावर आणून रोजच्या जगण्याचे विषय त्यांत कसे आणले, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ते सांगा. मुलांनी स्वतःच्या सोसायटीतलं, मेट्रोतलं जगणं त्या पद्धतीने काढावं. प्रगती मैदानाजवळ भैरों मार्गावरच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात आधी एक चक्कर मारलीत तर उत्तम. ती इमारतही कोरियांचीच.

बहुभाषक वर्गासाठी मात्र मी वारलीपेक्षा चित्रकथी सुचवेन. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने जपलेली ही कला. एकेक चित्र समोर धरून, वीणा-टाळाच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं सांगायची. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि एका कथेच्या संचाला पोथी म्हणतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र, गाणं आणि कथन इथे एकत्र येतात, म्हणून वर्गात ती फार कामाची ठरते. चौघाचौघांचे गट करा. एक कोरियन मूल, एक फ्रेंच, एक तमिळ, एक मराठी असं असलं तरी चालेल, असलं तर जास्तच बरं. गटाने एकच गोष्ट निवडायची, प्रत्येकाने दोन चित्रं काढायची. सादर करताना चित्र धरणारा आपल्या भाषेत दोन वाक्यं म्हणतो, शेजारचा तेच इंग्रजीत म्हणतो आणि बाकीचे ताल धरतात. पुढच्या चित्राला माणसं बदलतात. दोन भाषा येणाऱ्या मुलाचं काम अशा वर्गात सगळ्यात महत्त्वाचं होतं, आणि ते सगळ्यांसमोर होतं. तीन-चार तासिकांत हे बसतं. साहित्याचा खर्च कार्डपेपर आणि रंग एवढाच.

संगीताचं सांगायचं तर आपल्याकडे अनेक भाषांत शिकवण्याचा जुना धडा आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लाहोरला गेले आणि १९०१ मध्ये तिथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरू मराठी, शहर पंजाबी-उर्दूचं, पदं ब्रज आणि हिंदी. पलुस्करांनी स्वरलिपी, क्रमिक पुस्तकं आणि इयत्तावार अभ्यासक्रम अशी घडी बसवली, म्हणून ज्याची भाषा गुरूची नव्हती त्यालाही पायरी-पायरीने शिकता आलं. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय त्याच परंपरेतलं, विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेलं. आज ते दीनदयाळ उपाध्याय मार्गावर आहे. ‘एक अनेक और एकता’ या १९७४ च्या ॲनिमेशनपटातलं गाणं याच मौद्गल्यांचं, आणि तो पट केला विजया मुळे यांनी. शाळेत पियानो-गिटार आणि संध्याकाळी गाण्याचा क्लास असं दोन्हीकडे शिकणाऱ्या मुलाने हे दोन कप्पे वेगळे ठेवू नयेत. भूप रागातली बंदिश शाळेच्या संगीत शिक्षकांना ऐकवावी, स्वर लिहून दाखवावेत. पाच स्वरांचे राग त्यांना ओळखीचे वाटतील, कारण पेंटॅटॉनिक स्वरांवरचं संगीत जगभर आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा शाळेच्या गुणांत धरल्या जात नाहीत, पण अकरावी-बारावीच्या डिप्लोमा प्रोग्रॅममध्ये सीएएस नावाचा जो १८ महिन्यांचा भाग असतो, त्यातल्या ‘क्रिएटिव्हिटी’त हा रियाझ आणि मैफली दाखवता येतात. नोंदी मात्र तारखेनिशी ठेवायला हव्यात.

डिप्लोमात सहावा गट कलांचा असतो, पण त्याऐवजी इतर गटांतला विषय घेण्याची मुभा आहे, आणि आपली बहुतेक मुलं तिथे रसायनशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेतात. ज्याला इंजिनिअरिंगलाच जायचं आहे त्याने घ्यावं. पण वास्तुकला, डिझाइन, सिनेमा मनात असेल तर व्हिज्युअल आर्ट्स सोडू नये. पोर्टफोलिओ नंतर घाईने जमत नाही.

ॲडमिशनच्या वेळी शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल आधी दाखवतील. तुम्ही आर्ट रूम दाखवा म्हणा. भिंतीवरची सगळी चित्रं एकसारखी असतील तर फळ्यावरचं उतरवून घेतलं जातं हे ओळखा. मुलांच्या कच्च्या वह्या मागा. त्यात खोडलेलं, फसलेलं, पुन्हा केलेलं दिसलं आणि इंग्रजीखेरीज इतर लिप्याही दिसल्या तर शाळा चांगली, एवढं मी खात्रीने म्हणेन. आयबी शाळेकडे लेखी भाषा धोरण असावंच लागतं. ते वाचायला मागा आणि कलेच्या तासाला ते कसं पाळलं जातं ते विचारा. माझ्या मुलाने प्रोसेस जर्नलमधली, म्हणजे कच्च्या कामाच्या वहीतली, पहिली टिपणं मराठीत लिहिली तर चालतील का, हा प्रश्न तर अवश्य विचारा. ‘का नाही?’ असं उत्तर देणारे शिक्षक भेटले तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात. ‘इथे फक्त इंग्रजी’ असं ऐकू आलं तर त्याच शिक्षकांना नम्रपणे पुन्हा विचारा: अंतिम काम इंग्रजीतच असेल, पण विचार करण्याची वही मराठीत असली तर अडचण काय? बहुतेकांनी या बाजूने विचार केलेला नसतो, इतकंच.

घरासाठी एकच वही पुरे. डावीकडे चित्र किंवा चिकटवलेलं तिकीट, पान, फोटो. उजवीकडे मराठीत चार ओळी, आणि त्यांतल्या एक-दोन इंग्रजीत. आठवड्याला एक पान. आजीआजोबा व्हिडिओ कॉलवर असतील तेव्हा मुलाने ते पान त्यांना दाखवून समजावून सांगावं. कोल्हापूरच्या आजोबांना हॉजकिनची भिंत मराठीत समजावता आली की वर्गात इंग्रजीत सांगायला मूल बिचकत नाही.

पीटीएमच्या दिवशी गणिताच्या शिक्षकांपुढे रांग असते आणि कलाशिक्षकांच्या टेबलाशी फारसं कुणी थांबत नाही. पुढच्या वेळी तिथे दहा मिनिटं बसा. मुलाची ती वही बरोबर न्या, आणि चारपैकी कोणत्या निकषात तो कमी पडतो एवढंच विचारा.